कणीभाऊचा भरडा

आमगावचं रेल्वेगेट एकदा पडलं की पडलं. एक मालगाडी निघून जाते, माणसं गाड्या चालू करतात, तेवढ्यात समोरून दुसरी येते आणि सगळे पुन्हा चाव्या फिरवून गप्प बसतात. मार्चमधल्या एका दुपारी रंजिता अशीच स्कुटीवर अडकली होती. मिलमधून निघालेली, ओढणीवर कोंड्याची बारीक पिवळी धूळ, डोळ्यांत ऊन... आणि समोर थोड्या अंतरावर डीजेची एक गाडी उभी. छोट्या ट्रकवर काळे स्पीकर रचलेले, मागच्या फळीवर लाल अक्षरांत ‘राजदीप साऊंड, सालेकसा’ आणि खाली मोबाइल नंबर.

त्या गाडीवर गाणं वाजत होतं. ते रंजिताचंच होतं.

रंजिता एका राइस मिलच्या लॅबमध्ये कामाला होती. पोत्यातून मूठभर तांदूळ काढायचा, ओलावा बघायचा, अख्खा दाणा वेगळा करायचा, तुटलेली कणी वेगळी करायची. दिवसभर मिलच्या आवाजात राहून तिच्या कानांत एक ठेका जाऊन बसला होता. रबराच्या रोलचा खरखराट, धान वर नेणाऱ्या पट्ट्याची टकटक, चाळणीची सळसळ. ती ते सगळं मोबाइलवर टिपून घ्यायची, घरी जुन्या लॅपटॉपवर कापायची, जोडायची, खाली जाड बेस घालायची आणि वर रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावणाऱ्या, बायांच्या गाण्यातली एखादी ओळ सोडायची. अशी गाणी करणारी आणखी काही पोरं जिल्ह्यात होती. धान भरडतात तसं हे संगीत, म्हणून पोरांनीच त्याचं नाव ठेवलं होतं – भरडा. भरडा रेडिओवर नव्हता, टीव्हीवर नव्हता. तो मेमरी कार्डातून, मोबाइलच्या ग्रुपमधून, वरातींमधून हिंडायचा. त्यातल्या सगळ्यांत गाजलेल्या गाण्यांवर नाव असायचं ‘कणी’. ही कणी म्हणजे रंजिता, हे तिच्या आईखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की हा कुणीतरी कणीभाऊ आहे.

पण गाडीवर वाजणारं गाणं... काहीतरी बिनसलं होतं त्यात. ते हळू होतं. पाय ओढत चालणाऱ्या माणसासारखं. रंजिताने थोडा वेळ सहन केलं. मग स्कुटी स्टँडला लावली आणि सरळ त्या गाडीच्या खिडकीशी गेली.

“भाऊ, हे गाणं चुकीचं वाजवून राहिले तुम्ही.”

खिडकीतून एक चेहरा बाहेर आला. सावळा, घामाने कपाळाला चिकटलेले केस, आणि हसू यायच्या आधीच हसणारे डोळे.

“गाणं चुकीचं असते काय म्याडम?”

“स्पीड कमी केली तुम्ही.”

“केली.”

“काऊन?”

“गेट बंद आहे. घाई कायची आहे?”

शेजारच्या ऑटोतली बाई खुदकन हसली. रंजिताचे कान तापले.

“हे कणीचं गाणं आहे. ज्यानं बनवलं, त्यानं विचार करूनच स्पीड ठेवली असंल ना?”

“कणीभाऊले मी मानतो,” तो छातीला हात लावून म्हणाला. “पण कणीभाऊ वरातीत नाही राहत, मी राहतो. त्याच्या स्पीडवर पोट्टे नाचतात आणि पोट्ट्यांच्या माया, काकू बाजूले उभ्या राहून पदर सांभाळतात. असं वाजवलं की माया पण उतरतात.”

“कणीभाऊले आवडणार नाही.”

“तुम्ही कोण कणीभाऊच्या?”

“मी... कोणी नाही.”

“मग त्यालेच सांगू द्या. नंबर मागं लिहून आहे.” गेटचा दांडा वर जायला लागला तशी त्याने गाडी चालू केली, आणि जाता जाता मान बाहेर काढून म्हणाला, “तुमच्यासाठीही तोच नंबर आहे!”

त्या संध्याकाळी रंजिताने रागारागाने लॅपटॉप उघडला आणि गाण्याची गती तेवढीच खाली आणली. माणूस चूक आहे हे एकदा सिद्ध झालं की विषय संपणार होता. तिने हेडफोन लावले, डोळे मिटले... आणि मग बराच वेळ उघडले नाहीत. बेस जमिनीतून आल्यासारखा वाटत होता. गाण्यातली ओळ म्हणणाऱ्या रोवणीवाल्या शामकलाबाईंचा आवाज, जो एरवी ठेक्याच्या मागे धावत सुटायचा, तो आता ठेक्यावर बसून आरामात चालला होता. गाण्यातले शब्दसुद्धा पहिल्यांदा नीट कळत होते.

“काय झालं वं? तोंड काऊन पाडलं?” आईने, अंजनाबाईंनी, विचारलं.

“एका माणसाचं खरं निघालं.”

“कोण माणूस?”

“कोणी नाही,” रंजिता म्हणाली. एकाच दिवसात तिने हे दोनदा म्हटलं होतं.

दोन-चार दिवस तिने तग धरला. गाडीवरचा नंबर मात्र डोक्यातून जाईना. शेवटी तिने मेसेज टाकला, ‘गेटवाली बोलून राहिली. हळू गाणं नीट ऐकायला कुठं मिळंल?’ उत्तर जणू वाटच पाहत होतं. ‘रविवारी हळद आहे. सालेकसा रोडवर. जेवण करूनच जा.’

हळदीच्या मांडवाला हिरवे डहाळे लावले होते, जमिनीवर पाणी शिंपडलं होतं, आणि ओल्या मातीचा, आंब्याच्या पानांचा नि हळदीचा असा एक मिसळलेला वास सगळीकडे दरवळत होता. राजदीप, तोच गेटवरचा, गाडीवर उभा होता, एक कान हेडफोनमध्ये, दुसरा मांडवात. त्याने भरडा लावला. आधी पोरं आली. मग त्याने गती हळूच खाली आणली, इतकी हळूच की कुणाला कळलंही नाही, आणि नवरीच्या काकू, माम्या, शेजारणी एकेक करून पदर खोचून उतरल्या. नवरीची आजी काठी टाकून देऊन हात वर करून गिरक्या घ्यायला लागली. रंजिता खांबाला टेकून बघत राहिली. आपण खोलीत बसून, दार लावून केलेल्या एका गोष्टीवर ही म्हातारी हसत होती.

तेवढ्यात कुण्या मावशीने तिला पाहुणी समजून दोन्ही गालांना हळद फासली.

“बस्,” सरबताचा ग्लास घेऊन आलेला राजदीप म्हणाला, “आता तुमचंही ठरलं समजा.”

“आधी तोंड धुवायचं पाणी द्या.”

“राहू द्या. बरं दिसून राहिलं.”

तिने ग्लास घेतला. त्याच्या बोटांना स्पर्श होऊ नये म्हणून ती जरा जपली, आणि तो जपलेला स्पर्शच जास्त जाणवला.

“तुम्ही नाचणाऱ्यांच्या पायांकडं काऊन पाहता?” तिने विचारलं.

“लोकं तोंडानं हसतात पण पायानं उभेच राहतात. माझं काम पायाशी.” त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. “तुमचे पाय नाही हलले.”

“मी ऐकून राहिली होती.”

“हो,” तो म्हणाला. “ते दिसलं मले.”

मग रविवार मोजायची गरज उरली नाही, कारण प्रत्येक रविवार त्याचा झाला. कधी सालेकशाच्या बाजारात गुळाचा चहा, कधी दरेकशाच्या छोट्या स्टेशनवरच्या बाकावर बसून जंगलातून येणारी गाडी आधी कोण ऐकतो याची पैज. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

एप्रिलमध्ये ते बोदलकशाला गेले. तलाव शांत होता. दूर एक ढिवर होडीत उभा राहून जाळं ओढत होता. ऊन होतं, आणि बघता बघता आभाळ भरून आलं. अवकाळीचे टपोरे थेंब पाण्यावर पडायला लागले. दोघे पळत तलावाच्या बांधाजवळच्या मोहाच्या झाडाखाली आले. राजदीपने गळ्यातला दुपट्टा काढून तिच्या डोक्यावर धरला आणि स्वतः भिजत उभा राहिला.

रंजिता पाणी ऐकत होती. तिच्या नकळत तिची बोटं मोहाच्या खोडावर चालायला लागली. टक्... टकटक्... टक्. मिलच्या पट्ट्याचा ठेका, पण मध्ये एक जागा रिकामी सोडलेली.

“कणीभाऊचं नवीन गाणं आहे काय?” राजदीपने विचारलं.

बोटं जागच्या जागी थांबली. “तुले... कसं माहीत?”

“रंजिता, गेटवर एका अनोळखी पोरीले स्पीडचा एवढा राग कायले येईल?”

“म्हणजे तेव्हापासून?”

“तेव्हा शंका होती. हळदीत पक्की झाली. गाणं लागलं की सगळे नाचत होते, तू एकटी तपासून पाहत होती.”

“मग बोलला काऊन नाही?”

“तुले सांगायचं असतं तं तूच सांगितलं असतं ना.”

रंजिताला हसू फुटलं, मोठ्याने, आवरेना असं. “मी कधी म्हटलं नाही का मी भाऊ आहे. मी फक्त ‘कणी’ लिहिलं. भाऊ लोकांनी लावला.”

“मी पण लावला,” तो कान पकडत म्हणाला. “माफी.”

“मिळणार नाही. माझं गाणं हळू केलं तू.”

“चांगलं झालं का नाही?”

“...झालं.”

पाऊस ओसरत होता. दुपट्ट्याच्या आड तिचा चेहरा अगदी जवळ होता, भिजलेल्या बटेवरून एक थेंब गालावर उतरत होता. राजदीपने श्वास घेतला. “रंजिता, मले... एक सांगायचं होतं.”

“सांग ना.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. तलावाकडे पाहिलं. होडीकडे पाहिलं.

“भजे खाशील?”

“खाईन,” ती म्हणाली. आणि मनात म्हणाली, भित्रा कुठला!

मे महिन्यात भरडा जिल्ह्याबाहेर पडला. कसा, ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. पुण्यातल्या कुठल्याशा कॉलेजच्या मुलींनी कणीच्या गाण्यावर नाचून रील टाकली. मग दिल्लीतल्या कुणी, मग दुबईतल्या. जिममध्ये भरडा वाजायला लागला, मोबाइलच्या दुकानांत वाजायला लागला. गोंदियाच्या बाजारात रंजिता चपला घेत होती तर दुकानदार तिच्याच गाण्यावर मान हलवत जोड काढून दाखवत होता. सगळीकडून एकच प्रश्न होता, हा कणीभाऊ कोण?

उत्तर शोधत आला विक्की. मूळचा गोंदियाचा, आता मुंबईच्या एका म्युझिक कंपनीत. कणीची गाणी लग्नांतून वाजवणाऱ्या राजदीपचे व्हिडिओ त्याने पाहिले होते. गोंदियातल्या हॉटेलात राजदीप आणि रंजिता त्याला भेटायला गेले तेव्हा विक्की उठून राजदीपलाच मिठी मारायला धावला.

“कणी भाई! क्या बात है यार, क्या साऊंड है!”

राजदीपने त्याला दोन्ही खांद्यांना धरून हळूच रंजिताच्या दिशेने वळवलं. “भाई नाही. ही.”

विक्की एक क्षण गोंधळला, पण एकच क्षण. “अरे वा! ये तो और बढ़िया!”

मग तो बोलायला लागला. कंपनीला पूर्ण अल्बम हवा होता. मुंबईत काही महिने राहून काम, मोठे स्टुडिओ, मोठं स्टेज. भरडा आता देशाचा होणार होता. “बस एक चीज,” तो म्हणाला, “वो जो बूढ़ी का आवाज है ना, वो बहुत कच्चा है. नई सिंगर ले लेंगे.”

“नाही,” रंजिता म्हणाली. आवाज चढवला नाही, डोळे खाली घातले नाहीत. “त्यांचं नाव शामकलाबाई आहे. दरेकशाच्या बाजूला राहतात. गेल्या वर्षी बांधावर उभी राहून मी त्यांची गाणी टिपली. आवाज त्यांचाच राहील आणि नावही त्यांचं येईल. कणी म्हणून माझं नाव येईल, माझ्या फोटोसकट. हे जमत असंल तर मी येते.”

विक्कीने तिच्याकडे नव्याने पाहिलं. “रेकॉर्डिंग में मोटर पंप की घूं घूं है, मॅडम. साफ करके लाओ, फिर कंपनी मानेगी.”

“आणते,” रंजिता म्हणाली.

हॉटेलातून बाहेर आले तेव्हा ती जमिनीवर चालत नव्हती. गाडीशी पोचल्यावर राजदीप म्हणाला, “देऊन टाकशील तू त्यायले सगळं?”

“देऊन नाही, घेऊन चालली मी. माझ्या नावानं.”

“मी वराती पाहिल्या आहेत, रंजिता. एक सीझन गाणं वाजते. दुसऱ्या सीझनले लोकं म्हणतात, ते जुनं नको लावू. भरड्याचंही तेच होईल. इथं राहिला तं जगंल.”

“इथं राहिला तं मेमरी कार्डात राहील. आणि मी कणीभाऊच राहीन. लोकांनी तो जुना केला तं करू दे, मी नवा बनवीन. मले येते बनवता.”

“आणि आपलं काय?”

रंजिता थांबली. रस्त्यावरून एक सिटी बस हॉर्न देत गेली. “आपलं म्हणजे?” तिने अगदी हळू विचारलं.

तो एक शब्द... एकच शब्द तिला हवा होता. राजदीपने किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

“आपलं म्हणजे... आमगाव-सालेकशाचं.”

“हो काय,” ती म्हणाली. “मग आमगाव-सालेकशाले सांग, रंजिता चालली.”

जूनच्या शेवटी ती विदर्भ एक्सप्रेसने निघाली. आईने डब्यात भाकरी आणि जवसाची चटणी दिली. फलाटावर दुसरं कुणी आलं नव्हतं. रंजिताने दोनदा मागे वळून पाहिलं, आणि मग स्वतःवरच चिडून खिडकी लावून घेतली.

मुंबईत तिला भीती वाटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिला मजा आली. स्टुडिओतली मशिनं मिलच्या मशिनांपेक्षा शांत होती, एवढंच. पहिल्या दिवशी साऊंड इंजिनिअर तिला समजावायला आला की बेस कुठे कापायचा असतो. तिने नीट ऐकून घेतलं, त्यातलं जे पटलं ते घेतलं आणि उरलेलं आपल्या पद्धतीने केलं. आठवड्याभरात तो तिलाच विचारायला लागला, “मॅडम, ये खर्र-खर्र किस मशीन का है?”

अडलं फक्त एका जागी. शामकलाबाईंचा आवाज. जुन्या रेकॉर्डिंगमधला पंपाचा आवाज काढला की त्यांच्या आवाजाचा कसच निघून जायचा. रंजिताने शामकलाबाईंना फोन लावला, मुंबईला यायचं सुचवून पाहिलं. पलीकडून उत्तर आलं, “बंद खोलीत मले गाणं येत नाही बाई. चिखलात पाय पायजे.”

विक्की घड्याळ दाखवायला लागला. नवी सिंगर तयारच होती. रंजिताने आईजवळ फोनवर जीव हलका केला. राजदीपला तिने काही कळवलं नाही. कळवायचं कसं? त्या दिवसापासून दोघांत एक अक्षर गेलं नव्हतं.

आणि एका दुपारी त्याच्या नंबरवरून एक ऑडिओ फाइल आली. सोबत फक्त एवढंच, ‘तुझ्या आईनं सांगितलं. पंप बंद करून घेतला होता.’

तिने ती स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर लावली. खोलीत पाऊस आला. धानाच्या बांधीतल्या पाण्यात बायांचे पाय पडल्याचा आवाज, रोपांच्या जुड्या सुटल्याचा आवाज, आणि त्यातून वर चढत गेलेला शामकलाबाईंचा स्वर. खरखरीत, मोकळा, अख्ख्या दाण्यासारखा. मागून बाकीच्या बाया झेलत होत्या. इंजिनिअरने हातातलं पेन खाली ठेवलं. विक्कीने त्यानंतर नव्या सिंगरचा विषय काढला नाही.

गाणं संपलं. फाइल संपली नव्हती.

“झालं काय तुझं?” शामकलाबाईंचा आवाज. “बंद कर मंग ते डबडं.”

“झालं, आजी.” हा राजदीपचा.

“सकाळपासून टोंगळ्याइतक्या चिखलात उभा आहेस. कोणासाठी रे एवढं?”

नुसता पाऊस वाजत राहिला. मग, “आहे एक. मुंबईले गेली.”

“भांडून गेली काय?”

“भांडलो मी. ती कामानं गेली.”

“मंग बोलाव ना तिले.”

“नाही बोलावणार. तिचं काम मोठं आहे, आजी. मी भेलो होतो... मले वाटे, गाणं जाईल म्हणून भेलो. तसं नव्हतं. ती जाईल म्हणून भेलो.”

“हे तिले सांगितलं?”

“नाही.”

“कायले नाही?”

“तुम्ही रोवणी करा बरं, आजी.”

साऱ्या बाया खळखळून हसल्या. मग जवळच काहीतरी खरखरलं. “अरे बाप्पा, हे चालूच...” आणि आवाज तुटला.

रंजिता काचेकडे तोंड करून उभी होती, आणि काचेत तिला स्वतःचे भरलेले, हसणारे डोळे दिसत होते. इंजिनिअरला मराठी फारसं येत नव्हतं, पण समजायचं ते समजलं होतं. तो घसा साफ करून म्हणाला, “मॅडम, ये लास्टवाला पार्ट भी रखना है?”

“रखना है,” ती म्हणाली. “गाने में नहीं.”

तिने त्याला मेसेज पाठवला, ‘आवाज एकदम साफ आहे. शेवटपर्यंत.’

तो टाइप करत असल्याचं दिसलं. थांबलं. पुन्हा दिसलं. मग आलं, ‘शेवटपर्यंत म्हणजे किती शेवटपर्यंत?’

‘डबडं बंद होईपर्यंत.’

त्यानंतर राजदीप दोन दिवस ऑनलाइन दिसला नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला तो हवापाण्याच्या गप्पा घेऊन. पाऊस कसा आहे, मिल कशी चालू आहे, मुंबईत वांगी महाग आहेत काय. रंजितानेही मग तो विषय काढला नाही. अशी गोष्ट फोनवर ऐकून वाया घालवायची तिची तयारी नव्हती. पण रोज फोन येत राहिला, आणि रोज शेवटी एक छोटी शांतता यायची, जी दोघांपैकी कुणालाच संपवावीशी वाटायची नाही.

दसऱ्याला अल्बम आला. त्यावर रंजिताचा फोटो होता, कोंड्याची धूळ उडालेल्या ओढणीतला, आणि तिच्या नावाखाली शामकलाबाईंचं नाव. मग जे व्हायचं ते झालं. टॅक्सीत भरडा, मॉलमध्ये भरडा, निवडणुकीच्या प्रचारात भरडा. कुणी त्याला पंजाबी ढोल जोडला, कुणी इतका पळवला की रंजितालाच आपलं गाणं ओळखू येईना. एका वर्तमानपत्राने लिहिलं, हे भारतीय इलेक्ट्रॉनिक संगीताचं भविष्य आहे. दुसऱ्याने लिहिलं, पुढच्या वर्षी हे कुणाच्या लक्षातही राहणार नाही. रंजिताने दोन्ही कात्रणं आईला पाठवली. आईने कळवलं, ‘फोटो पहिल्यात बरा आला.’

विक्की म्हणाला, मुंबईतच राहा. तिने सांगितलं, काम असेल तेव्हा येईन.

दिवाळीनंतर आमगावजवळच्या एका गावात मंडई, म्हणजे दरवर्षीची जत्रा, भरली होती. पाळणे, बांगड्यांची दुकानं, गरम जिलेबी, आणि मैदानाच्या मधोमध दंडारीचा नाच. रंजिता आदल्या दिवशीच आली होती. राजदीपला तिने फक्त कळवलं होतं, ‘दुपारी मंडईत.’

ती गर्दीतून वाट काढत होती आणि अचानक थबकली. समोरच्या घोळक्यातून भरडा ऐकू येत होता. पण स्पीकर कुठेच नव्हता. दंडारीची पोरं होती ती, गावातलीच. एकाच्या गळ्यात ढोलकी, एकाकडे तेलाचा रिकामा डबा, दोघांकडे टिपऱ्या, आणि एक जण सुपात धान घेऊन ते ठेक्यावर पाखडत होता. सळ्... सळसळ्... सळ्. मिलच्या मशिनाचा तो आवाज या पोरांनी हातात आणला होता. मध्ये त्यांनी स्वतःची एक लचक घातली होती, जी रंजिताला कधीच सुचली नसती. बाया, पोरं, म्हातारे सगळे भोवती नाचत होते.

“ऐकलं?” कानाशी आवाज आला.

राजदीप उभा होता. पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस, हातात भज्यांचा पुडा. पाच महिन्यांनी बघत होती ती त्याला.

“हे माझं नाही,” ती म्हणाली.

“राग आला?”

“मले वाटलं येईल.” तिने पुन्हा त्या सुपाकडे पाहिलं. “नाही आला. माझ्यापेक्षा भारी करून राहिले हे.”

“म्हणजे मी चूक होतो. एका सीझनमध्ये नाही मरत हा.”

“तू नेहमीच चूक असतोस. एकदाच बरोबर होतास, गेटवर.”

तो हसला. मग हसू मावळलं आणि त्याच्या डोळ्यांत तो बोदलकशाचा अडखळलेला श्वास पुन्हा दिसला. रंजितानेच सुरुवात केली.

“हे बघ राजदीप, मी तुझ्यासाठी परत नाही आली. मिल इथं आहे, शामकलाबाई इथं आहेत, ही पोरं इथं आहेत. माझं काम इथं आहे म्हणून आली.”

“बरं.”

“घराच्या वरची खोली स्टुडिओची करून राहिली. मुंबईले जाईन, येईन. पुढं कुठं कुठं जाईन, मलेही माहीत नाही.”

“बरं.”

“आणि तू पण इथं आहेस,” ती म्हणाली, आणि एवढ्या ठाम मुलीचा आवाज या एका वाक्याला जरासा थरथरला. “ते मले... बरं वाटते.”

राजदीपने भज्यांचा पुडा शेजारच्या दुकानाच्या फळीवर ठेवून दिला. हात शर्टाला पुसले.

“मी एक सांगू?”

“सांग. आता काही रेकॉर्ड होऊन नाही राहिलं.”

“म्हणूनच सांगतो.” तो तिच्याकडेच बघत होता, तलावाकडे नाही, होडीकडे नाही. “मले तू आवडतेस. गेटवर आवडली, हळदीत आवडली, भांडली तेव्हा तं लयच आवडली. तू मुंबईले जा, दिल्लीले जा, कुठंही जा. मी स्टेशनवर सोडाले येईन आणि घ्याले येईन. मागच्या वेळी नाही आलो, ते चुकलं. बस. मले यापेक्षा लांब बोलता येत नाही.”

ढोलकी तापली होती. सुपातलं धान उडत होतं. रंजिताने त्याचा हात धरला, घट्ट, साऱ्या मंडईसमोर, आणि त्याला ओढत सरळ त्या घोळक्यात नेलं.

“अवं, मले नाचता नाही येत!” तो ओरडला. “मी फक्त वाजवतो!”

“मले पण नाही येत,” ती हसत ओरडली. “चाल!”

पहिल्या दोन फेऱ्यांत तिने त्याच्या पायावर दोनदा पाय दिला. तिसऱ्या फेरीपर्यंत दोघांचे पाय जमले.